ताठ कण्याचे डॉक्टर

मुलांनो, हा लेख वाचायच्या आधी एक छोटंसं काम करा. मान खाली घाला, उजवा हात मानेमागे न्या आणि मधोमध बोटं फिरवा. एक टणक उंचवटा हाताला लागला ना? बहुतेकांच्या बाबतीत तो मानेतला शेवटचा, म्हणजे सातवा मणका असतो. आता तिथून बोटं खाली खाली न्या. एकाखाली एक असे उंचवटे लागत जातील. हात पुरेनासा झाला की घरातल्या कुणाला तरी पाठीवरून बोट फिरवायला सांगा. पार कमरेच्या खालपर्यंत ही मण्यांची माळ गेलेली आहे. हाच आपला पाठीचा कणा.

लहानपणी या माळेत ३३ मणके असतात. मानेत ७, पाठीत १२, कमरेत ५, त्याखाली ५ आणि अगदी तळाशी माकडहाडाचे ४. मोठेपणी खालचे मणके एकमेकांना जुळून जातात. गंमत म्हणजे जिराफाची मान एवढी लांबलचक, पण तिच्यातही मणके सातच बरं का! फक्त एकेक मणका चांगला लांब असतो.

या मणक्यांना मधून भोके असतात. एकावर एक मणके बसले की त्या भोकांचा एक बोगदाच तयार होतो. या बोगद्यात अत्यंत मोलाचा ऐवज ठेवलेला असतो. त्याचे नाव मज्जारज्जू. जाडी साधारण करंगळीएवढी आणि मोठ्या माणसात लांबी सुमारे ४५ सेंटिमीटर, म्हणजे तुमच्या कंपासपेटीतल्या पट्टीच्या तिप्पट. या करंगळीएवढ्या दोरीतून मेंदूचे सारे हुकूम खाली जातात आणि हातापायांच्या सगळ्या तक्रारी वर जातात. पायाला काटा टोचला, ही बातमी मेंदूला याच वाटेने कळते. ‘पाय उचल!’ हा मेंदूचा निरोपही याच वाटेने खाली येतो. मज्जारज्जूतून दोन्ही बाजूंना नसांच्या ३१ जोड्या फुटतात आणि त्या शरीरभर पसरतात.

आता विचार करा. ही दोरी मध्येच चिरडली गेली तर? मेंदू शाबूत आहे, पायही शाबूत आहेत, पण निरोपच पोहोचत नाही. पाय हलत नाहीत. पायाखाली विस्तव ठेवला तरी कळत नाही. लघवीला कधी झाली तेही समजत नाही. इजा पाठीत असेल तर पाय जातात आणि मानेत असेल तर हातही जातात. आणि सगळ्यात वाईट गोष्ट अशी की, हाड मोडले तर जुळते, कातडी फाटली तर भरून येते, हातापायांच्या नसाही दिवसाला साधारण एक मिलिमीटर या गतीने पुन्हा वाढू शकतात. पण मज्जारज्जूतले तुटलेले धागे मोठ्या माणसात पुन्हा नीट जोडले जात नाहीत. जगभरचे शास्त्रज्ञ यावर आजही झटत आहेत.

मग अशा माणसाचे काय करायचे? आज मी तुम्हांला ज्या डॉक्टरांची गोष्ट सांगणार आहे, त्यांनी आपले सारे आयुष्य या एका प्रश्नासाठी वाहिले. ते होते मेंदू आणि मज्जारज्जूचे डॉक्टर, आणि त्यांचे रुग्ण होते युद्धात जखमी झालेले सैनिक.

‘याला काही उपाय नाही’

इजिप्तमध्ये सुमारे ३६०० वर्षांपूर्वी लिहिलेली वैद्यकाची एक जुनी गुंडाळी सापडली आहे. तिच्यात मान मोडलेल्या रुग्णाचे अगदी बरोबर वर्णन आहे. हात हलत नाहीत, पाय हलत नाहीत, लघवीवर ताबा नाही. आणि शेवटी वैद्याने लिहिले आहे की हा आजार उपचार करण्याजोगा नाही.

हजारो वर्षे झाली, तरी हे मत काही फारसे बदलले नव्हते. पहिले महायुद्ध १९१४ ते १९१८ या काळात झाले. त्यात पाठीच्या कण्याला गोळी लागलेले बहुतेक सैनिक काही आठवड्यांत किंवा महिन्यांत मरण पावले. पण ते कशाने मेले ठाऊक आहे? गोळीने नव्हे! एकाच कुशीवर पडून राहिल्याने अंगाला खोल जखमा पडायच्या. त्या जखमांत जंतू शिरायचे. लघवी तुंबून मूत्रपिंडात विष भिनायचे. म्हणजे कणा मोडल्यावर जे नंतरचे हाल व्हायचे, त्यांनी माणूस जायचा.

याच काळात, १९१७ साली, जर्मनीच्या कोळशाच्या खाणींच्या मुलखात सतरा-अठरा वर्षांचा एक मुलगा रुग्णालयात मदतनीस म्हणून काम करत होता. त्याचे नाव लुडविग गुटमान. जन्म ३ जुलै १८९९ चा. ज्यू कुटुंबातला मुलगा. एके दिवशी तिथे एक तरुण, धट्टाकट्टा खाणकामगार आणला गेला. त्याची पाठ मोडली होती. लुडविग त्याची हकिगत कागदावर लिहून घेऊ लागला, तर वरिष्ठांनी सांगितले, एवढे लिहीत बसू नकोस, हा काही आठवड्यांचाच सोबती आहे. आणि खरोखरच काही आठवड्यांत तो कामगार गेला. एवढा पहाडासारखा माणूस सगळ्यांच्या डोळ्यांदेखत झिजत झिजत गेला आणि कुणी काही केले नाही, ही गोष्ट लुडविगच्या मनातून पुढे आयुष्यभर गेली नाही.

देश सोडावा लागला

लुडविग डॉक्टर झाला. (आता आपण त्यांना डॉ. गुटमान म्हणू या.) ब्रेस्लाउ या शहरात ओटफ्रिड फोर्स्टर नावाचे फार मोठे मज्जातंतुतज्ज्ञ होते. त्यांच्या हाताखाली डॉ. गुटमान मेंदूच्या आणि मज्जारज्जूच्या शस्त्रक्रिया शिकले आणि त्यांचे पहिले साहाय्यक झाले.

पण १९३३ साली जर्मनीत हिटलरची सत्ता आली. ज्यू डॉक्टरांना सरकारी रुग्णालयांतून काढून टाकण्यात आले. डॉ. गुटमान ब्रेस्लाउच्या ज्यू रुग्णालयात काम करू लागले आणि पुढे त्याचे प्रमुख झाले.

मग आली ९ नोव्हेंबर १९३८ ची रात्र. नाझींनी देशभर ज्यूंची दुकाने फोडली, प्रार्थनामंदिरे जाळली, माणसांना पकडून छळछावण्यांत पाठवायला सुरुवात केली. डॉ. गुटमानांनी आपल्या रुग्णालयात हुकूम दिला की, आज रात्री दारात जो कुणी येईल, त्याला काहीही न विचारता दाखल करून घ्या. दुसऱ्या दिवशी गुप्त पोलीस आले. एवढे रुग्ण एका रात्रीत कुठून आले, असे ते विचारू लागले. डॉ. गुटमान त्यांना घेऊन एकेका खाटेपाशी गेले आणि प्रत्येकाला कुठला ना कुठला गंभीर आजार ‘लावून’ दिला! त्या रात्री आलेल्या ६४ जणांपैकी ६० जण अशा रीतीने वाचले, असे सांगितले जाते.

१९३९ साली पत्नी आणि दोन लहान मुलांना घेऊन ते इंग्लंडला पोहोचले. नवा देश, नवी भाषा, हातात जवळजवळ काही नाही. ऑक्सफर्डमध्ये त्यांना संशोधनाचे काम मिळाले. पण ज्या हातांना रुग्णांची सवय, त्यांना नुसत्या प्रयोगशाळेत चैन कशी पडणार?

दर दोन तासांनी

दुसरे महायुद्ध ऐन भरात होते. युरोपवर मोठी चढाई होणार होती आणि कण्याला इजा झालेले सैनिक मोठ्या संख्येने येणार, हे ब्रिटिश सरकारला दिसत होते. त्यांच्यासाठी वेगळा विभाग हवा होता. पण ‘मरणाऱ्यांचा विभाग’ सांभाळायला कोण तयार होणार? डॉ. गुटमान तयार झाले. त्यांनी एकच अट घातली, माझ्या पद्धतीने मला काम करू द्या.

१ फेब्रुवारी १९४४ रोजी लंडनच्या वायव्येला एल्सबरी गावाजवळच्या स्टोक मँडेव्हिल रुग्णालयात हा विभाग सुरू झाला. पंचवीसेक खाटा आणि सुरुवातीला रुग्ण एकच!

मुलांनो, तुम्हांला वाटेल की आता डॉक्टरांनी काही तरी अद्भुत शस्त्रक्रिया शोधून काढली असेल. तसे काही झाले नाही. इतका नावाजलेला शल्यविशारद, पण त्याने बहुतेक रुग्णांच्या बाबतीत सुरी बाजूलाच ठेवली. त्या काळात मोडलेला कणा घाईने उघडला तर फायद्यापेक्षा नुकसान जास्त होते, असे त्यांचे मत होते. त्यांनी काय केले, तर रुग्णांच्या अंगावरची जड प्लास्टरे काढून टाकायला लावली, कारण त्यांच्या आत जखमा सडत होत्या. आणि नियम घातला की प्रत्येक रुग्णाची कूस दर दोन तासांनी बदलायची. सकाळी, दुपारी, संध्याकाळी, मध्यरात्री, पहाटे. एकही वेळ चुकता कामा नये.

ऐकायला किती सोपे वाटते, नाही? पण हिशेब करून पाहा. एका रुग्णाला दिवसातून १२ वेळा. २५ रुग्ण असतील तर ३०० वेळा! माणूस अवजड, स्वतः हलू न शकणारा. सारे करणार हातानेच. परिचारिका आणि मदतनीस कंटाळत असणार, चिडतही असणार. म्हणून डॉ. गुटमान स्वतः रात्री-अपरात्री वॉर्डात फेरी मारत. लघवीच्या नळीची स्वच्छता ते डोळ्यांत तेल घालून पाहत. डॉक्टर मोठे कडक. सगळे त्यांना वचकून असत. पण रुग्णांनी त्यांचे लाडके नाव ठेवले होते ‘पॉपा’, म्हणजे आपले बाबा.

आणि मग जखमा भरू लागल्या. ताप उतरू लागले. जे मरणारच असे सगळे धरून चालले होते, ते जगू लागले!

मी तर म्हणते, मुलांनो, या गोष्टीतली सगळ्यात मोठी शिकवण इथेच आहे. हजारो वर्षे ज्याला असाध्य म्हणत होते, ते साध्य झाले कशाने? न चुकता, न कंटाळता केलेल्या एका साध्या कामाने.

जगायचे, पण कशासाठी?

आता नवाच प्रश्न उभा राहिला. वीस-बावीस वर्षांचे हे तरुण. जगणार तर खरे, पण पाय नाहीत. मग पुढची चाळीस-पन्नास वर्षे छताकडे बघत पडून राहायचे का?

डॉ. गुटमानांनी सांगितले, अजिबात नाही. रुग्णांना सुतारकाम, घड्याळदुरुस्ती, टंकलेखन शिकवायला सुरुवात झाली. आणि त्याबरोबर खेळ! आधी चाकाच्या खुर्चीवरून काठ्यांनी खेळायचा एक पोलोसारखा खेळ सुरू झाला. पण त्यात फारच धसमुसळेपणा होऊ लागला, म्हणून तो बंद करून बास्केटबॉल आणि तिरंदाजी आणली. तिरंदाजीने दंड, खांदे आणि पाठ बळकट होते. शिवाय पायांवर उभा असलेला माणूस आणि खुर्चीत बसलेला माणूस यांच्यात बरोबरीचा सामना होऊ शकतो.

२९ जुलै १९४८ रोजी लंडनमध्ये ऑलिंपिकचे उद्घाटन झाले. नेमक्या त्याच दिवशी स्टोक मँडेव्हिलच्या हिरवळीवर १६ माजी सैनिक, त्यांत २ महिला, चाकाच्या खुर्च्यांत बसून तिरंदाजीच्या सामन्यात उतरले. फक्त सोळा जण! १९५२ मध्ये नेदरलँड्सचे माजी सैनिक आले आणि स्पर्धा आंतरराष्ट्रीय झाली. १९६० मध्ये ऑलिंपिक रोमला झाले, तेव्हा त्यापाठोपाठ तिथेच या खेळाडूंच्याही स्पर्धा झाल्या. २३ देशांतले सुमारे ४०० खेळाडू तिथे जमले होते. त्यालाच आज पहिले पॅरालिंपिक मानतात. आज टीव्हीवर आपण पॅरालिंपिकमधल्या भारतीय खेळाडूंची पदके बघून टाळ्या वाजवतो ना, त्याचे बीज एका रुग्णालयाच्या अंगणात पेरले गेले होते!

डॉ. गुटमानांना १९६६ मध्ये ‘सर’ हा किताब मिळाला. १८ मार्च १९८० रोजी त्यांचे निधन झाले.

आपले मुरलीकांत पेटकर

या गोष्टीचा एक धागा थेट आपल्या महाराष्ट्रात येतो बरं का. सांगली जिल्ह्यातल्या पेठ इस्लामपूरचे मुरलीकांत पेटकर लहान वयात सैन्यात गेले. ते उत्तम मुष्टियोद्धे होते. १९६५ च्या भारत-पाकिस्तान युद्धात गोळ्या लागून ते जबर जखमी झाले आणि पायांतले बळ गेले. मुष्टियुद्ध संपले. पण उपचाराचा भाग म्हणून ते पाण्यात उतरले आणि पोहू लागले. १९७२ मध्ये जर्मनीतल्या हायडेलबर्ग शहरात पॅरालिंपिक भरले होते. म्हणजे ज्या जर्मनीतून डॉ. गुटमानांना परागंदा व्हावे लागले, त्याच जर्मनीत! तिथे पेटकरांनी ५० मीटर पोहण्याची शर्यत ३७.३३ सेकंदांत जिंकून जागतिक विक्रम केला. पॅरालिंपिकमधले भारताचे हे पहिले सुवर्णपदक. त्यांना २०१८ मध्ये पद्मश्री आणि पुढे २०२४ सालचा अर्जुन जीवनगौरव पुरस्कार मिळाला. २०२४ मध्ये त्यांच्यावर चित्रपटही आला, तो तुमच्यापैकी कुणीकुणी पाहिला असेल.

पुण्याजवळ खडकीला अशा जवानांसाठी पक्षाघात पुनर्वसन केंद्र आहे. कण्याला इजा झालेले जवान तिथे राहतात, काम शिकतात, चाकाच्या खुर्चीवरून बास्केटबॉल खेळतात. ज्यांचे हातही चालत नाहीत, त्यांच्यातले काही जण तोंडात कुंचला धरून चित्रे काढतात.

आजचे कण्याचे डॉक्टर

आज असे डॉक्टर काय काम करतात? समजा, आपण अमेरिकेतल्या माजी सैनिकांच्या एका रुग्णालयात एका न्यूरोसर्जनच्या मागे मागे दिवसभर फिरलो, तर काय दिसेल? अमेरिकेत माजी सैनिकांसाठी सरकारची दीडशेहून अधिक रुग्णालये आहेत. १९४६ पासून त्यांतली बरीचशी वैद्यकीय महाविद्यालयांना जोडलेली आहेत. त्यामुळे डॉक्टरांच्या मागे शिकाऊ डॉक्टरांचा घोळकाही असणार.

तपासणीच्या खोलीत ताजी गोळी लागलेला सैनिक क्वचितच येतो. येतात ते बहुधा वयस्कर आजोबा. कुणी तरुणपणी विमानांतून छत्री बांधून उड्या मारल्या आहेत, कुणी पाठीवर मणामणाची ओझी वाहिली आहेत. वय झाले की मणक्यांमधल्या मऊ गाद्या झिजतात, हाडे वाढतात आणि मज्जारज्जूचा बोगदा अरुंद होत जातो. आजोबा म्हणतात, ‘डॉक्टर, हल्ली सदऱ्याची बटणं लावता येत नाहीत, चालताना तोल जातो.’ ऐकणाऱ्याला वाटेल, हे काय, वय झाले! पण कण्याच्या डॉक्टरांचे कान टवकारतात. मानेत मज्जारज्जू दाबला जात असला तर अशीच सुरुवात होते.

मग डॉक्टर छोटी रबरी हातोडी घेऊन गुडघ्याच्या वाटीखाली टक्कन मारतात. पाय किती उडतो ते पाहतात. टाचणीने हळूच टोचून कुठपर्यंत कळते ते विचारतात. हातापायांच्या ताकदीला ० ते ५ असे गुण देतात, अगदी परीक्षेसारखे! आणि तळपायावर टाचेकडून बोटांकडे एक रेघ ओढतात. तुमचा-आमचा अंगठा खाली वळेल. मज्जारज्जूत बिघाड असेल तर अंगठा वर जातो. ही खूण बाबिन्स्की नावाच्या डॉक्टरांनी १८९६ मध्ये सांगितली. पाळण्यातल्या बाळाचा अंगठा मात्र वरच जातो आणि ते अगदी बरोबर असते, कारण त्याच्या मेंदूच्या तारा अजून पक्क्या व्हायच्या असतात.

नंतर एमआरआयची चित्रे पाहायची. आणि मग सगळ्यात अवघड काम, ते म्हणजे ठरवणे. शस्त्रक्रिया करायची की नाही? कंबर दुखते म्हणून आलेल्या बऱ्याच जणांना व्यायाम आणि औषधांनीच बरे वाटते. त्यांना सुरी लावायची नाही. जिथे मज्जारज्जू खरोखर दबतो आहे, तिथे मात्र वाट बघत बसायचे नाही. आता यंत्रे, भूल, औषधे सगळेच सुधारले आहे, त्यामुळे डॉ. गुटमानांच्या काळी धोक्याची वाटणारी शस्त्रक्रिया आज पुष्कळ वेळा करता येते. मोडलेले मणके टायटॅनियमच्या स्क्रूंनी आणि सळ्यांनी सांधता येतात. पण विडी-सिगारेट ओढणाऱ्याची हाडे नीट जुळत नाहीत, म्हणून डॉक्टर आधी ती सोडायला सांगतात.

शस्त्रक्रियेच्या वेळी रुग्ण पालथा झोपलेला असतो. मणके सगळे सारखेच दिसतात, म्हणून नेमका कितवा मणका, हे टेबलावरच एक्स-रे काढून मोजतात. मग सूक्ष्मदर्शकातून बघत, मिनिटाला हजारो फेरे घेणाऱ्या बारीक यंत्राने हाड कोरतात. हाड तापू नये म्हणून त्यावर पाण्याची धार चालू असते. हाडाच्या खाली पातळ आवरण आणि त्याच्या आत मज्जारज्जू. हात इकडचा तिकडे झाला तर माणूस अपंग होईल! म्हणून हातापायांना बारीक तारा लावून निरोप नीट पोहोचताहेत ना, हे यंत्रावर सतत बघतात. असे तासन् तास उभे राहायचे. ना घाई, ना गडबड.

संध्याकाळी पुन्हा वॉर्डात. तिथे डॉक्टर एकटे नसतात. परिचारिका, व्यायाम शिकवणारे, पुन्हा जेवणे-कपडे घालणे शिकवणारे, मनाला धीर देणारे असे सगळे मिळून काम करतात. आणि दर दोन तासांनी कूस बदलण्याचा तो जुना नियम आजच्या वॉर्डातही विसरलेला नाही. रुग्ण विचारतो, ‘डॉक्टर, मी चालेन ना?’ खोटी आशाही लावायची नाही आणि आशा मारायचीही नाही. मला वाटते, हे उत्तर देणे शस्त्रक्रियेहूनही अवघड असेल.

असे डॉक्टर व्हायचे असेल तर आपल्याकडे बारावीनंतर साडेपाच वर्षे एमबीबीएस आणि त्यापुढे न्यूरोसर्जरीचे साधारण सहा वर्षे शिक्षण घ्यावे लागते. पुण्याच्या सशस्त्र सेना वैद्यकीय महाविद्यालयातून सैन्यात डॉक्टर म्हणूनही जाता येते. हिशेब करा बघू, तुम्ही आज सातवीत असाल तर किती वर्षांचे व्हाल?

तुम्ही काय करू शकता?

कणा फक्त युद्धातच मोडतो असे नाही. झाडावरून, गच्चीवरून पडून, रस्त्यावरच्या अपघातात आणि पाण्यात सूर मारतानाही मोडतो. म्हणून एवढे लक्षात ठेवा.

१. विहिरीत, नदीत किंवा तलावात खोली माहीत नसताना डोके खाली करून सूर मारू नका. खाली दगड असला तर मान मोडते. मोठ्यांना बरोबर घेऊन पायऱ्यांनी उतरा.

२. चिंचा, आंबे, जांभळे काढायला पावसाने निसरड्या झालेल्या झाडावर चढू नका.

३. कुणी उंचावरून पडले किंवा अपघात झाला, तर त्याला ओढू नका, उठवून बसवू नका, मान वळवू नका, पाणी पाजू नका. आग किंवा वाहनांचा धोका नसेल तर आहे तिथेच, मान सरळ ठेवून पडू द्या. लगेच मोठ्यांना बोलवा आणि १०८ क्रमांकावर फोन करून रुग्णवाहिका मागवा. न्यायची वेळ आलीच, तर चार-पाच जणांनी मिळून डोके, मान आणि पाठ एका रेषेत ठेवून सपाट फळीवर घ्यावे.

आपल्याकडे अपघात झाला की चार माणसे धावून येतात आणि जखमीला हातापायांना धरून उचलतात. माया असते हो त्यांची! पण त्या उचलण्यातच मोडलेला मणका मज्जारज्जूला कापू शकतो. तेव्हा तुम्ही धीटपणे सांगायचे, ‘काका, थांबा! मान हलवू नका.’ लहान तोंडी मोठा घास झाला तरी चालेल. त्या एका वाक्याने कुणाचे तरी पाय वाचू शकतील.

आणि पालकांनो, एक विनंती तुम्हांलाही. तुमच्या गल्लीत, वाडीत कुणी मूल चाकाच्या खुर्चीवर असेल, तर त्याला शाळेत पाठवा, शाळेच्या पायऱ्यांशेजारी उतार करून घेण्यासाठी मुख्याध्यापकांना भेटा. आपल्या मुलांना सांगा की त्याला खेळायला बोलवा. कॅरम आहे, बुद्धिबळ आहे, नेमबाजी आहे. नुसते ‘बिच्चारा’ म्हणून कुणाचे भले होत नाही. एखादा डाव त्याच्याकडून सपशेल हरून बघा, त्याला काय आनंद होतो ते!

बरे होणे म्हणजे पुन्हा चालू लागणे एवढेच नाही, हे स्टोक मँडेव्हिलच्या त्या डॉक्टरांनी जगाला दाखवले. चालता आले नाही तरी शिकायचे, कमवायचे, खेळायचे, हसायचे. तेव्हा मुलांनो, उद्या मधल्या सुट्टीत आपल्या शाळेच्या दारापासून आपल्या वर्गापर्यंत चालत जा आणि वाटेतल्या पायऱ्या मोजा. चाकाची खुर्ची कुठे कुठे अडेल, ते वहीत लिहा आणि ती यादी तुमच्या बाईंना किंवा गुरुजींना द्या.